ओळखलंत का मला?

रविवार सकाळची धीमी कल्याण लोकल ठाण्याला लागते तेव्हा दिव्यांगांच्या डब्यापुढे मोजकीच माणसं आहेत, तरी चढायची घाई आहेच. माझ्यासोबत तिघं आहेत: चाळिशीतला एक गृहस्थ, त्याची बायको आणि चौथीत शिकणारी मुलगी. राहायला नौपाड्यात. तो औषध कंपनीत एमआर होता. डॉक्टरांच्या केबिनबाहेर तासभर ताटकळायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत नव्या गोळीचं सगळं पुराण सांगून मोकळं व्हायचं, हे त्याचं काम. गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना रेझर हातातून गळून पडला. उजवा हात आता बऱ्यापैकी वळतो. पायाला पँटखाली पट्टा आहे, तो कुणाला दिसत नाही. वाचा मात्र अजून परतलेली नाही.

खिडकीशी बसलेले, काखेत कुबडी धरलेले एक आजोबा त्याला नखशिखांत न्याहाळतात. या डब्यात धडधाकट दिसणारा माणूस शिरला की ही नजर मिळतेच. मिळायलाही हवी, कारण घुसखोर पुष्कळ असतात.

"तुम्हाला काय झालंय हो?"

तो तोंड उघडतो. ओठ जुळतात, मान पुढे येते, कपाळावरची शीर तट्ट फुगते. "प... प... ते..." बायको खिडकीबाहेर बघत राहते. तिची बोटं पर्सच्या पट्ट्यावर आवळलेली आहेत. हे उत्तर तिला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण ती सांगत नाही. तोच शर्टाच्या खिशातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढतो आणि आजोबांपुढे धरतो. मुलीच्या अक्षरातलं आहे, जोडाक्षरं जरा वाकडी झालीयत. 'मला पॅरालिसिसचा अटॅक आला होता. मला सगळं कळतं. बोलायला वेळ लागतो. थोडं थांबा.'

आजोबा ते मोठ्याने वाचतात, डब्यातल्या शेवटच्या माणसालाही कळेल इतक्या मोठ्याने. मग त्याच्या कानापाशी तोंड नेऊन अक्षरं सुटी करत ओरडतात, "कु-ठं उ-त-र-णार?"

"ऐकू येतं त्यांना," मुलगी म्हणते.

प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहिलंय. मुलगी बापाच्या मांडीवर थाप मारून ठेका धरते. "ठाणे, कळवा, मुंब्रा..." तो तिच्या आवाजात आवाज मिसळतो, "दिवा, कोपर..." इथे ती एकदम गप्प होते आणि तो त्याच ओघात म्हणून जातो, "डोंबिवली." स्वच्छ, खणखणीत. आजोबा चाट पडतात. "अहो, बोलतात की हे!"

वीस वर्षं या मार्गावर धक्के खाल्लेल्या माणसाला स्टेशनांची ही माळ पाठ असते. वार, महिने, बेचा पाढा, रामरक्षा, आरत्या, जे जे जिभेच्या वळणी पडलंय ते वाचाघातातही, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवते तेव्हाही, पुष्कळदा शाबूत राहतं. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलंय: आपोआप येणारं बोलणं वेगळं आणि ठरवून, जुळवून केलेलं बोलणं वेगळं. म्हणून माळेत 'डोंबिवली' म्हणणारा हा माणूस 'कुठं चाललात' याला उत्तर देऊ शकत नाही. घरच्यांची इथेच गल्लत होते. आजोबांना वाटलं तसंच त्यांनाही वाटतं, की हा मनात आणलं तर बोलू शकतो, आळस करतोय. मग आल्यागेल्यापुढे पाढे म्हणून घ्यायचा कार्यक्रम सुरू होतो. या घरातही झाला होता, असं बायको सांगते. आता ते बंद आहे. माळ पुरी म्हणायची नाही, हव्या त्या शब्दाच्या अलीकडे थांबायचं. पुढच्या आठवड्यात नुसतं 'कोपरनंतर काय?' असं विचारायचं. त्याच्याही पुढे कधीतरी माळ सोडून द्यायची आणि विचारायचं, आज आपण कुठं चाललोय?

"हे आम्हाला हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही," ती म्हणते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या, फिजिओथेरपी होती, मीठ कमी करा असं होतं. बोलण्याबद्दल एकच ओळ होती, तीही इंग्रजीत. मुंब्र्याची खाडी मागे पडते तोवर ती पुढचं सांगून टाकते. ती आता एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते. सासूबाईंनी नवस बोललाय. मुलगी पालकसभेला आईलाच घेऊन जाते.

कोपर जातं. तो उठून दाराशी उभा राहतो, सगळ्यांच्या आधी.

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. जिना अरुंद, कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी माणसं, मागून कमरेला आधार देणारे घरचे. खोलीत फोल्डिंगच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा फळा आणि आवाज करणारा पंखा. तो आवाज करतो म्हणून मॅडम आल्याआल्या बंद करतात आणि खिडक्या उघडतात. वाचाघात झालेल्या माणसाला गोंगाटातून शब्द वेचून काढणं फार जड जातं. त्यामुळे घरी टीव्ही चालू ठेवून यांच्याशी बोलायचं नाही, हा इथला पहिला नियम. मालिकेच्या वेळी तो कुणाकुणाकडून पाळला जात नाही ते चेहऱ्यांवरून कळतं.

मॅडम म्हणजे स्पीच थेरपिस्ट. तिशीच्या आहेत, कल्याणच्या, शिकल्या मुंबईत नायर रुग्णालयात. देशात या विषयाचं शिक्षण साठच्या दशकात सुरू झालं त्यात नायरचं नाव पहिल्या ओळीत येतं. पुढे १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग संस्था उभी राहिली. मुंबईत एवढं सगळं असलं तरी कल्याणच्या माणसाला पांगळा पाय घेऊन दादरला गाडी बदलून वांद्रे गाठणं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून ही खोली.

"तुम्ही नाही, काकू. काकांना विचारलंय."

काकू पदर तोंडाला लावून हसतात. काका बँकेतून निवृत्त झालेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. प्रश्न एवढाच होता की काल काय केलंत. काकूंचं उत्तर निम्मं सांगून झालंय: काल नातू आला होता, मग आम्ही गच्चीवर...

"थांबा. मनात दहा आकडे म्हणा."

खोली शांत. खालून रिक्षावाल्याचा 'चला, स्टेशन, स्टेशन' ऐकू येतो. काकांचे डोळे छताकडे गेलेत. काकूंचे ओठ काकांच्या ओठांच्या आधी हलतायत, नात शाळेच्या गॅदरिंगमध्ये विसरली की आजी प्रेक्षकांतून तोंड हलवते तसे. काका म्हणतात, "तसं नाही."

जवळजवळ हेच दोन शब्द त्यांच्यापाशी उरलेत. भूक लागली तरी 'तसं नाही', नातू आवडला तरी 'तसं नाही'. १८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्यापुढे लबॉर्न्य नावाचा जो रुग्ण आला, तो एकवीस वर्षं जवळपास 'टान' एवढंच बोलत होता. लोक त्याला टान म्हणूनच ओळखत. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला दाखवला. बहुतेकांची वाचेची जागा मेंदूत डावीकडे असते हे तिथून पक्कं होत गेलं. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून या खोलीतल्या बहुतेकांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला आहे. ही शरीरशास्त्राची गोष्ट काकूंना मॅडमनी केव्हाच सांगितलीय. पण काकूंनी स्वतः जे शोधून काढलंय ते कुठल्या पुस्तकात नसावं: काकांच्या 'तसं नाही'ला वेगवेगळे सूर आहेत. शेवट वर गेला तर 'हो'. दोन्ही शब्द तोडून आले तर 'गप्प बस'.

मॅडम पाठकोऱ्या कागदावर जाड मार्करने तीन ओळी लिहितात. मोठं अक्षर, ओळींमध्ये भरपूर जागा. 'नातू. गच्ची. दुसरं काही.' कागद काकांच्या डावीकडे सरकवतात. काकांचं बोट 'दुसरं काही'वर पडतं. काकू खुर्चीतच ताठ होतात. काल दुसरं काय झालं? दहा मिनिटं जातात. आणखी कागद, बाण, एक ओबडधोबड चित्र, घड्याळाचा काटा. शेवटी निघतं ते असं: दुपारी काकू झोपल्या होत्या तेव्हा काका एकटे जिना उतरून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन आले.

"अगं बाई! पडला असतात म्हणजे?"

काका मानेवरचे कापलेले केस चाचपून दाखवतात. कालपासून घरात कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

या तीन ओळींच्या युक्तीमागचं शास्त्र दूरचं आहे. कॅनडात टोरांटोजवळ पॅट अराटो नावाच्या बाईच्या नवऱ्याला वाचाघात झाला. उपचार संपल्यावर पुढे काय, याला उत्तर मिळेना तेव्हा १९७९ साली तिनेच अशा लोकांसाठी केंद्र काढलं. तिथे ऑरा केगन यांनी पुढे पद्धत बसवली ती घरच्यांना, मित्रांना, शेजाऱ्यांना शिकवायची. रुग्णाची वाचा सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर त्याच्याशी बोलणाऱ्याने आपली रीत बदलायची. लिहून दाखवायचं, एका वेळी एकच विचारायचं, कळलं ते परत म्हणून खात्री करून घ्यायची, आणि अडखळला की तोंडावर सांगायचं: तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. मॅडम हे वाक्य प्रत्येकाला म्हणायला लावतात. ऐकायला सोपं वाटतं. नवऱ्याला म्हणताना बायकांची जीभ अडते, मुलांची तर फारच.

समोर दिव्याकडच्या गावातली एक आगरी आजी बसलीय, नऊवारी, हातभर बांगड्या. तिची तऱ्हा उलटी. ती अखंड बोलते. सूर तोच, हेल तोच, हातवारेही जिथल्या तिथे. शब्द मात्र भलतेच, काही तर कुठल्याच भाषेतले नाहीत. आपलं चुकतंय हे तिला उमगत नाही आणि लोकांना कळत कसं नाही म्हणून ती चिडते. १८७४ साली कार्ल व्हेर्निके यांनी वर्णन केलेला वाचाघात तो हा. घरच्यांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. दोन महिने भगताच्या फेऱ्या झाल्या, अंगारे झाले. मुलगा हे सांगताना खाली बघतो. सून मात्र पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडते: सुके बोंबील, अडकित्ता, मिठाचा सट. मॅडमकडच्या छापील कार्डांवर सफरचंद, पियानो आणि बर्फातलं घर होतं. आजीने ती कार्डं दोनदा खाली फेकली. बोंबील नाकाशी नेऊन ती आता खुदकन हसते आणि सुनेकडे बघून बोटांनी तळायची खूण करते. सून म्हणते, "रात्री करते." या दोघींचं बोलणं झालं. मुलगा अजून, "आई, बोंबील म्हण, बोंबील," असं करतोच आहे. सून त्याला कोपर मारते.

अर्ध्या तासाने रुग्णांना मदतनीस मुलगी आतल्या खोलीत नेते. तिथे टाळ्यांच्या ठेक्यावर गाणं चालतं. चालीवर शब्द येतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. त्यावरून बेतलेली उपचारपद्धतही १९७० च्या दशकापासून वापरात आहे. दार लोटलं जातं. मला वाटतं, खरा वर्ग आता सुरू होतो. बाहेर उरलेत ते फक्त घरचे.

आधी कुणी बोलत नाही. मग एमआरची बायको सुरुवात करते. "मी त्याच्यावर ओरडते. आधी ओरडायचे नाही. आता तो उलटून बोलू शकत नाही ना, म्हणून जास्त ओरडते." तिच्या डोळ्यांत पाणीबिणी नाही. ती तक्रार नोंदवावी तशा कोरड्या आवाजात सांगते. कुणी 'छे छे' म्हणत नाही. आगरी आजीचा मुलगा मान हलवतो.

बँकेतल्या काकू म्हणतात, त्यांचं दुःख वेगळं आहे. काकांच्या तोंडून 'तसं नाही'शिवाय आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे शिवी. अस्सल, आईवरची. उभ्या जन्मात ज्यांनी 'अरे'ला 'कारे' केलं नाही, त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेत पळी हातातून निसटली म्हणून गुरुजींच्या देखत ती हासडली. "गुरुजी मंत्र विसरले हो!" सगळे हसतात, काकूही. मॅडम सांगतात की ही शिवी ते देत नाहीत, ती निसटते. स्टेशनांच्या माळेसारखीच ती आपोआप येणाऱ्यांतली. फ्रेंच कवी बोदलेअर यांचं असंच झालं होतं. १८६६ साली त्यांची वाचा गेली आणि 'क्रे नों' ही अर्धवट शिवीच तेवढी उरली. ज्या ननांच्या रुग्णालयात ठेवलं होतं त्या बिचाऱ्या हादरल्या. एवढा शब्दांचा धनी, पण राहून राहिली ती शिवी. काकूंना यातून धीर येतो की नाही माहीत नाही, पण त्या नाव नीट विचारून घेतात. गुरुजींना सांगायला असावं.

मग तो प्रश्न येतोच. दर वेळी कुणीतरी विचारतं, आज एक नवीन आलेला तरुण विचारतो. त्याच्या वडिलांना अटॅक येऊन महिना झालाय. "मॅडम, किती दिवसांत बोलतील?"

"तारीख नाही सांगता येत," मॅडम म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगात होते, मग चाल मंदावते, पण वर्षानंतर दार बंद होतं हे खरं नाही. काहींचं बरंचसं येतं, काहींचं थोडंच. "आठवड्याचे तास १६८. त्यातले दोन माझे. बाकीचे तुमच्या घरातले. म्हणून मी त्यांच्याइतकंच तुम्हाला शिकवते."

"आम्हाला कोण विचारतंय पण?" मागून आवाज येतो. एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी आहे, नोकरी सांभाळून आईचं बघते. मला या प्रश्नात सगळं आलेलं दिसतं. इथे जमलेल्यांत पुरुष तीन, बाकी साऱ्या बायका. पण भेटायला येणारा प्रत्येक जण तब्येत विचारतो ती रुग्णाची. या मुलीला चार महिने पाठदुखी आहे. दाखवायला वेळ कुठाय?

या प्रश्नावर मॅडमकडे तयार उत्तर नाही. त्या फळ्यावर दोन रकाने आखतात: 'कोण' आणि 'कधी'. रुग्णापाशी दोन तास बसू शकेल असा एक माणूस, ज्याला ही लिहून विचारायची युक्ती शिकवता येईल. शेजारी चालेल, भाचा चालेल, सोसायटीचा सेक्रेटरीही चालेल. पुढच्या रविवारी त्याला इथे आणायचं. बायका एकमेकींकडे बघतात. नाव सुचत नाही असं नाही, मागायचा संकोच आहे.

कागदपत्रांचं मात्र झटपट उरकतं, कारण त्यात काकू तज्ज्ञ झाल्यात. त्यांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टाची झेरॉक्स आहे. एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व येतं आणि त्याच्या व्याख्येत अफेजिया, म्हणजे वाचाघात, हा शब्द छापलेला आहे, त्याखाली त्यांनी लाल रेघ मारलीय. एका खिडकीवर 'हात-पाय चालतात ना, मग कसलं कार्ड' असं ऐकून आल्यापासून ती झेरॉक्स बरोबर असते. बँकेचंही तसंच. उजव्या हाताची सही जुळेना, पेन्शन अडली. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अशा खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे तपासून घेतलेल्या काकांनी स्वतःचा अंगठा पॅडवर टेकवला तेव्हा काकू बाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. नव्या तरुणाला त्या हे सगळं लिहून देतात, त्यातलं बाहेर उभं राहण्याचं सोडून. ते मला जिन्यात सांगतात.

दुपारी मी काका-काकूंबरोबर कल्याणला येते. पारनाक्याच्या बाजूला जुन्या वाड्याच्या जागी झालेली तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. काका जिना चढतात आणि काकू मागे हात धरायला जातात, तेवढ्यात न्हाव्याची गोष्ट आठवून हात मागे घेतात. तीन पायऱ्यांनंतर परत पुढे करतात.

चहा होतो न होतो तोच बदलापूरहून भाचा येतो. मोसंब्यांची पिशवी, सोबत बायको. बूट काढायच्या आधीच तो दारातून म्हणतो, "मामा! ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?"

मराठी घरात आजाऱ्याला भेटायची ही रीतच आहे. नाव विचारायचं, ओळख पटली की शाब्बास म्हणायचं, मग पुढचा विद्यार्थी पुढे करायचा. भाचा बायकोला पुढे करतो. "आणि ही? हिचं नाव काय? तुम्हीच तर आमच्या लग्नात..." काकांना तो कोण हे पक्कं माहीत आहे, त्यांचा डावा हात आपसूक त्याच्या खांद्यावर गेलाय. पण नाव नेमकं मागितलं की नेमकं तेच येत नाही. "तसं नाही. तसं... नाही." चेहरा लाल होतो, डोळे भरतात. भाचा काकूंकडे वळून हलक्या आवाजात म्हणतो, "फारच झालंय हो मामी. काहीच कळत नाही का?" हे काकांना ऐकू जातंय याची त्याला कल्पनाच नाही.

काकू टीव्ही बंद करतात. वही आणि मार्कर भाच्याच्या मांडीवर ठेवतात. "परीक्षा घेऊ नकोस त्यांची. तू कोण ते तूच सांग, आणि मग काय बोलायचंय ते लिहून विचार. एका वेळी एक."

"मी? लिहून?"

"हो. आणि मोठं लिही. तुझं अक्षर मला माहितेय."

भाचा वही उलटीसुलटी करतो. बायकोपुढे आपली फजिती होतेय असं त्याला वाटत असावं. शेवटी लिहितो: 'क्रिकेट. गावचं घर. शेअर बाजार.' काकांचं बोट तडक 'गावचं घर'वर. मग भाचा लिहितो, 'कौलं. वाटण्या. आंबा.' बोट 'वाटण्या'वर. भाच्याचा चेहरा बदलतो. हा विषय तो मामांच्या आजारपणाचं निमित्त करून दोन वर्षं टाळत आलाय. पुढची वीस मिनिटं खोलीत नीट बोलणं चालतं. काकांच्या वाट्याला त्यातले 'तसं नाही', एक 'व्हाउचर' आणि बरीच बोटं येतात, पण भाच्याला दोनदा खोडून परत लिहावं लागतं. 'व्हाउचर' कुठून आलं कुणी विचारत नाही. बँकेतले इंग्रजी शब्द असे अधूनमधून येतात, घरातले मराठी येत नाहीत. ज्या भाषेत दिवसाचे आठ तास गेले ती आधी सापडते, असं काहींच्या बाबतीत दिसतं. काकूंना याचा जरा रागच आहे.

मोसंबी सोलता सोलता काकूंचं लक्ष डोंबिवलीच्या फळ्यावर गेलेलं असणार. पुण्याला त्यांची बहीण आहे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. काकांना अटॅक आल्यापासून काकू एक रात्र घराबाहेर राहिलेल्या नाहीत.

"तू शनिवारी येशील का रे इथे झोपायला?" त्या भाच्याला एकदम विचारतात. विचारून स्वतःच दचकतात.

भाचा बायकोकडे बघतो. "येईन की."

"मग आधी ह्यांना विचारायला हवं." त्या वही ओढून लिहितात: 'पुणे. मी. २ दिवस.' खाली 'हो' आणि 'नाही', मध्ये मोकळी जागा. काका चष्मा लावतात. बराच वेळ बघतात.

"तसं नाही."

शेवट वर गेलेला नाही. काकू वही मिटतात. "राहू दे. मला वाटलंच होतं."

"नको म्हणतायत मामा," भाचा सांगतो.

"तसं नाही! तसं नाही!" काका टेबलावर हात आपटतात. खिशाचं पेन काढून डाव्या हाताने टोपण उपसतात, ते जमिनीवर गडगडत जातं. वही उघडायला लावतात. २ वर आडवी रेघ मारतात आणि शेजारी, वाकडातिकडा पण चुकीचा वाचता येणार नाही असा, ४ काढतात.

काकू आकड्याकडे बघतात, मग काकांकडे. "चार? चार दिवस मी तिकडे काय करू? आणि तुम्ही जेवणार काय?"

"खाली पोळीभाजी केंद्र आहे की, मामी."

"तिच्या भाजीत मीठ असतं पसाभर. ह्यांना बीपी आहे."

काकांच्या तोंडून ती शिवी निसटते. पूर्ण, स्पष्ट. भाच्याची बायको मोसंब्याच्या फोडीवर खोकते.

"ऐकलंस? हे कसं बरोबर येतं," काकू म्हणतात आणि फोन शोधायला उठतात. बहिणीला सांगायचंय, शनिवारच्या इंद्रायणीचं तिकीट बघायचंय. दारापर्यंत जाऊन त्या परत फिरतात, भाच्याच्या हातातली वही घेतात आणि पाठकोऱ्या पानावर पोळीभाजीवालीसाठी मोठ्या अक्षरात लिहायला लागतात: 'एका माणसाचा डबा. मीठ कमी.'